उपग्रहाची छत्री आणि आपला भंगार बाजार

जळगाव किंवा धुळ्याच्या कोणत्याही मोहल्ल्यात गच्च्यांकडे नजर टाकली तर डिश अँटेना, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'छत्री', दिसतेच. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांच्या गच्चीवर दहा-बारा फुटी जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या. पुढे २००३-०४ नंतर डीटीएच आले आणि दोन फुटी पत्र्याच्या छत्रीवर काम भागू लागले. मग त्या मोठ्या छत्र्यांचे काय झाले? जाळी अल्युमिनियमची, सांगाडा लोखंडाचा. नटबोल्ट उघडले की दोन ढीग वेगळे झाले, भंगारवाल्याने दोन्ही मालांना त्यांचा भाव दिला आणि माल भट्टीत गेला.

जमिनीवरच्या छत्रीची ही सोपी गोष्ट आकाशातल्या छत्रीला मात्र लागू पडत नाही. उपग्रहावर बसविलेली मोठी, घडीची छत्री टिकाऊ कशी करावी आणि तिचा माल पुन्हा वापरात कसा आणावा, हा आज जगभरच्या अंतराळ उद्योगापुढील प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, खानदेशच्या व्यापाऱ्याला याच्याशी काय कर्तव्य? आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाचे मर्म आपल्या भंगारवाल्याला शास्त्रज्ञाइतकेच ठाऊक आहे. जो माल वेगळा करता येतो त्यालाच भाव असतो, आणि तो वेगळा होणार की नाही, हे वस्तू तयार होतानाच ठरते.

छत्री एवढी मोठी कशासाठी?

भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा या दोन संस्थांनी मिळून तयार केलेला 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याच्या छत्रीचा व्यास १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट आहे. एवढा आकार का लागतो, ते समजून घेऊ. घरची डीटीएच छत्री ज्या लहरी पकडते त्यांची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. निसारच्या दोन रडारांपैकी एक सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरी वापरते. लहर दहापट लांब झाली की तिला नेमके वळण देण्यासाठी छत्रीही त्या मानाने मोठी लागते. एवढी लांब लहर घेण्याचे कारण असे की, ती ढगांतून आणि पिकांच्या पानांतून आत शिरते. त्यामुळे पावसाळ्यातही जमिनीतील ओलावा आणि जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपता येते. कापूस आणि केळीवर ज्यांचा संसार चालतो त्या आपल्या भागाला या माहितीचे मोल वेगळे सांगायला नको.

लांब लहरीचा एक फायदाही आहे. भोके लहरीपेक्षा बरीच लहान असली की जाळी सलग पत्र्यासारखेच काम करते. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण याच तत्त्वावर उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणून उभ्या केल्या. जाळीमुळे वजन घटले, वाऱ्याचा जोर कमी झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला.

मिटवायची कशी, उघडायची कशी?

अग्निबाणाच्या टोपणाची रुंदी तीन-चार मीटर असते. त्यात १२ मीटरची छत्री जायची तर ती मिटूनच जाणार. हे तंत्र भारताला नवीन नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्यासाठी वापरलेल्या अमेरिकेच्या 'एटीएस-६' उपग्रहाची छत्री ९ मीटरची, घडीचीच होती. खाली खेड्यांत ती लहर पकडायला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या पुरल्या. इस्रोने स्वतः बनविलेली ६ मीटरची घडीची छत्री २०१५ मध्ये 'जीसॅट-६' बरोबर गेली.

निसारची छत्री १५ ऑगस्ट २०२५ रोजी उघडली. आधी ९ मीटर लांबीचा दांडा एकेक सांधा करीत चार दिवसांत उलगडला. नंतर छत्रीला बांधून ठेवणारे बोल्ट लहान स्फोटाने तोडले गेले, दाबून ठेवलेल्या सांगाड्यातील ताण मोकळा झाला, आणि उरलेले काम मोटारी व दोऱ्यांनी केले. या सांगाड्यात १२३ काड्या आहेत आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेची जाळी आहे. एवढ्या पसाऱ्याचे वजन सुमारे ६४ किलो, म्हणजे एका माणसाइतके!

पण छत्री अडली तर वर जाऊन दुरुस्त करणारा कोणी नसतो. १९९१ मध्ये गुरू ग्रहाकडे निघालेल्या 'गॅलिलिओ' यानाची ४.८ मीटरची छत्री अर्धवट उघडून अडकली. यान सोडण्यापूर्वी ते ट्रकमधून अमेरिकेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्यात आले होते. त्या प्रवासातील धक्क्यांनी काही काड्यांच्या टोकांवरचे कोरडे वंगण झिजले असावे, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. मुंबई-आग्रा रस्त्यावर माल वाहणाऱ्या आपल्या बांधवांना यात नवल वाटणार नाही. मालाचे नुकसान पुष्कळदा कारखान्यात होत नाही, वाटेत होते.

चार माल, चार धंदे

आता या छत्रीचा एकेक माल पाहू. प्रत्येकाला ओळखणारा धंदा आपल्या दोन जिल्ह्यांत आहे.

पहिला माल जाळी. धुळ्याच्या यंत्रमागावर उभा आणि आडवा धागा एकमेकांतून जातो. असे कापड घट्ट असते, पण ताणत नाही. छत्रीची जाळी मात्र बनियनच्या कापडाप्रमाणे फासे घालून विणलेली असते. म्हणूनच ती घडीतून बाहेर येताना चुणी न पडता ताणली जाते. अशा जाळीसाठी बहुधा मॉलिब्डेनम धातूची, केसाहूनही बारीक तार वापरतात. ती मजबूत असते आणि ऊन-सावलीत फारशी फुगत-आकसत नाही.

दुसरा माल सोने. सोने काळवंडत नाही, त्यामुळे तार तारेला जेथे टेकते तेथे वीज नीट वाहते. मुलामा अगदी पातळ असतो, पण जळगावच्या सराफ बाजाराला पातळ सोन्याचे मोल ठाऊक आहे. कारागिराच्या दुकानातील धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी याच परंपरेतले. सोने आम्लाने वेगळे करता येते, जुना दागिना पुन्हा आटविता येतो. सोन्यापुरता प्रश्न सुटलेला आहे.

तिसरा माल सांगाड्याच्या काड्या, आणि खरी अडचण येथे आहे. अशा काड्या सहसा कार्बनच्या धाग्यांना इपॉक्सी राळेत बसवून करतात. त्या पोलादाहून हलक्या आणि तापमान बदलले तरी लांबी न बदलणाऱ्या असतात. परंतु ही राळ एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही, तसे. याउलट जळगाव औद्योगिक वसाहतीतील चटईचे कारखाने पाहा. जुने पॉलिप्रॉपिलीन वितळवून त्याच्या पट्ट्या काढतात आणि चटई विणतात. ती चटई जुनी झाली की पुन्हा वितळते. प्लॅस्टिकच्या या दोन जाती, वितळणारी आणि न वितळणारी, ज्याला ओळखता येतात त्याला या विषयाचा निम्मा भाग समजला.

चौथा माल म्हणजे हे सगळे जोडणारे सांधे. काडी आणि धातू गोंदाने चिकटविले की वजन वाचते, पण पुढे ते सुटत नाहीत. खिळ, पिन किंवा बोल्ट लावला तर थोडे वजन वाढते, पण माल माल वेगळा होतो. ठिबकच्या जुन्या नळ्यांत माती आणि दुसऱ्या जातीचे प्लॅस्टिक मिसळले की भाव का पडतो, हे जळगावात कोणालाही विचारावे.

आकाशातले भंगार कोठे जाते?

जुना उपग्रह खाली आणून वितळविण्याचा धंदा आज जगात कोठेही नाही. जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे दळणवळण उपग्रह निकामी झाले की त्यांना आणखी शे-तीनशे किलोमीटर वर सरकवून सोडून देतात. खालच्या कक्षेतले उपग्रह वातावरणात आणून जाळतात. जळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. वातावरणाच्या वरच्या थरातील सल्फ्युरिक आम्लाच्या मोठ्या कणांपैकी सुमारे १० टक्के कणांत उपग्रह आणि अग्निबाणांतून आलेले अल्युमिनियम व इतर धातू असल्याचे अमेरिकन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले.

आणि सर्वच जळते असेही नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी उत्तर महाराष्ट्र, विदर्भ आणि मध्य प्रदेशातील लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आणि परिसरात धातूचे गोळेही सापडले. ते चीनच्या अग्निबाणाचे अवशेष असावेत, असा तज्ज्ञांचा कयास होता. अल्लाहच्या कृपेने कोणाला इजा झाली नाही.

टिकाऊ छत्री म्हणजे काय?

म्हणूनच आता छत्री कागदावर असतानाच तिच्या शेवटाचा विचार केला जात आहे. यात चार दिशा दिसतात. पहिली, माल कमी लावणे. पत्र्याऐवजी जाळी हा त्याचाच प्रकार. दुसरी, न वितळणाऱ्या राळेऐवजी 'पीक' सारखे उष्णता सोसणारे, पण वितळणारे प्लॅस्टिक कार्बनच्या धाग्यांबरोबर वापरणे. तसे केले तर कारखान्यातील कातरण आणि जमिनीवर चाचणीसाठी केलेले नमुने पुन्हा कामी येतात. जुन्या इपॉक्सी मालातून हवाबंद भट्टीत राळ काढून धागे मिळविता येतात, पण ते तुकडे झालेले आणि कमी प्रतीचे निघतात. तिसरी, टायटॅनियमसारखे न जळणारे भाग टाळणे, म्हणजे जमिनीवर काही पडणार नाही.

चौथी दिशा आयुष्य वाढविण्याची. २०२० मध्ये अमेरिकेच्या एका सेवा-यानाने 'इंटेलसॅट ९०१' या इंधन संपत आलेल्या उपग्रहाला जोडून घेतले आणि तो २०२५ पर्यंत चालविला. जुनी छत्री, जुनी यंत्रे, फक्त ढकलणारा नवा! भारतानेही १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडून दाखविले. पीएसएलव्ही अग्निबाणाचा जो चौथा टप्पा पूर्वी फुकट फिरत राही त्यावर इस्रो आता प्रयोग बसवून पाठविते. २०३० पर्यंत भारताच्या सर्व, सरकारी व खासगी, मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले आहे.

आपण यातून काय घ्यावे?

उपग्रहाची छत्री उद्याच धुळ्यात तयार होईल, असे आम्ही म्हणत नाही. पण जो नियम आकाशात लागू होत आहे तोच जमिनीवर आपल्या दारात येऊन उभा आहे, आणि त्यावर हजारो घरांची रोजी अवलंबून आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. त्यांनुसार पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. सेट-टॉप बॉक्सपासून संगणकापर्यंतचा माल यात येतो. प्लॅस्टिकच्या बाबतीत २०२२ पासून उत्पादकावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. ती पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र नोंदणीकृत कारखानदारच देऊ शकतो, आणि त्या प्रमाणपत्राला पैसा मिळतो. ज्याची नोंद नाही त्याच्या हाती फक्त घाम आणि धूर राहतो.

आपल्या वस्त्यांत तांब्यासाठी वायर उघड्यावर जाळली जाते, मुले सर्किटचे पत्रे हातोडीने फोडतात. हा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. हलाल कमाईच्या वाटेवर स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या आरोग्याची हानी करणे योग्य आहे काय? भंगाराचा धंदा लाजेचा नाही. वाहत्या पाण्याकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी ज्यांना शिकवण आहे, त्यांच्यासाठी टाकलेल्या मालाला पुन्हा कामाला लावणे हा इसराफ टाळण्याचाच मार्ग आहे. जमीन आणि आकाश ही आपल्याकडे अमानत आहे.

तेव्हा आमची सूचना सरळ आहे. ई-कचरा स्वतः फोडू वा जाळू नये. तो जमवून, जातवार निवडून नोंदणीकृत कारखान्याला द्यावा आणि पावती घ्यावी. लहान व्यापाऱ्यांनी एकेकटे न राहता चार-पाच जणांनी मिळून गोदाम करावे, उद्यम नोंदणी करावी आणि प्रदूषण मंडळाचे कागद पूर्ण करावेत. दहावी-बारावी झालेल्या मुलांना प्लॅस्टिकचे शिक्षण घ्यायचे असेल तर छत्रपती संभाजीनगर येथील 'सिपेट' या केंद्र सरकारच्या संस्थेत चौकशी करावी. वितळणारे कोणते, न वितळणारे कोणते, आणि दोन्ही एकत्र आले तर काय करायचे, हे तेथे पद्धतशीर शिकविले जाते. हातात आलेला माल डोळ्यांनी ओळखण्याची कला आपल्या वडीलधाऱ्यांकडे आहेच. तिला कागदाची आणि शिक्षणाची जोड मिळाली तर, इन्शाअल्लाह, हा धंदा पुढच्या पिढीलाही इज्जतीने करता येईल.