प्रकाशाद्वारे स्तरित पातळ पटलांच्या विद्युत गुणधर्मांचे नियंत्रण : एक विवेचन

प्रस्तावना :

पदवीच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत एल.डी.आर.चा प्रयोग सर्वपरिचित आहे. दिवा जवळ आणला की रोध घटतो. सेलेनियममधील हा परिणाम विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये जाहीर केला. कॅडमियम सल्फाइडचे ऊर्जा-अंतर सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. त्याहून अधिक ऊर्जेचा फोटॉन शोषला गेल्यास इलेक्ट्रॉन मुक्त होतो व वाहकता वाढते. येथपर्यंत आपण शिकवितो. प्रस्तुत लेखात त्यापुढील प्रश्नाचा विचार केला आहे : प्रकाश गेल्यावर पदार्थ पूर्ववत होतो का?

विवेचन :

मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे थर परस्परांशी दुर्बल बलाने बांधलेले असल्याने ते वहीच्या पानांसारखे सुटे करता येतात. एका थराची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर. अनेक थर असताना ऊर्जा-अंतर सुमारे १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट व अप्रत्यक्ष असते; एकच थर उरला की ते सुमारे १.८ व प्रत्यक्ष होते, हे २०१० मध्ये प्रयोगाने दिसून आले. म्हणजे कोणत्या रंगाच्या प्रकाशाला प्रतिसाद मिळेल, हे जाडीवरही अवलंबून आहे.

मात्र मोजमाप वाटते तितके सरळ नाही. दत्तात्रय लाटे (हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कार्यरत झाले), विनायक द्रविड, सी. एन. आर. राव व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एकथरी ट्रान्झिस्टरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेटचा विद्युतदाब वाढविताना व कमी करताना प्रवाह वेगवेगळ्या मार्गाने जात होता. याचे मुख्य कारण पृष्ठभागावर शोषलेली आर्द्रता होती आणि पदार्थाच्या प्रकाशसंवेदनशीलतेमुळे परिणाम अधिक वाढत होता. सिलिकॉन नायट्राइडचे आच्छादन दिल्यावर तो बराच कमी झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते विद्यार्थ्यांना यशस्वी उपकरणापेक्षा हे उदाहरण अधिक शिकविते, कारण प्रकाशाचा म्हणून नोंदविलेला परिणाम अंशतः हवेतील बाष्पाचाही असू शकतो.

अडकलेला प्रभार नेहमीच दोष ठरतो असे नाही. ग्राफीन व बोरॉन नायट्राइडच्या रचनेत गेटला दाब देऊन दृश्य प्रकाश टाकला असता बोरॉन नायट्राइडमधील दोषस्थानी प्रभार अडकतो आणि ग्राफीनमधील वाहकांची संख्या बदलते. अंधारातही हा बदल टिकतो. हे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. त्याच वर्षी टँटलम डायसल्फाइडमध्ये, अतिशीत अवस्थेत, एका ३५ फेम्टोसेकंदांच्या लेसर स्पंदाने रोध एकदम घटविता आला. तापविल्यावर पदार्थ पूर्वस्थितीत येतो. येथे प्रकाश वाहक निर्माण करून थांबत नाही. तो इलेक्ट्रॉनांची मांडणीच बदलतो.

ग्रामीण महाविद्यालयासाठी :

तिसगावसारख्या ठिकाणी फेम्टोसेकंद लेसर मिळणार नाही. परंतु एल.डी.आर. आहे, मल्टिमीटर आहे, घड्याळ आहे. दिवा बंद केल्यानंतर रोधाचे वाचन दर दहा सेकंदांनी घ्यावे. तो मूल्यापर्यंत सावकाश परततो; काही वाहक सापळ्यांत अडकतात व उशिरा सुटतात. सोबत तापमान व आर्द्रतेची नोंद ठेवावी, दिव्याच्या उष्णतेसाठी मध्ये पाण्याचे काचपात्र ठेवावे, आणि तोच प्रयोग जुलैमध्ये व पुन्हा एप्रिलमध्ये करावा.