मिठाला पुरून उरणारी जनुके

उरणच्या खारेपाटात उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली, की खाडीचे पाणी शेतात शिरते. पाणी उघाडीवाटे ओसरते, मीठ मात्र मातीत राहते. पावसाने ते धुऊन निघेपर्यंत साधे भात तिथे तग धरत नाही. म्हणून कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्यांनी खार सोसणारे राते भात पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यांतून निवडलेले भुरा राता ४-१० आणि काळा राता १-२४ हे वाण भातसंशोधकांच्या हाती गेले. शेजारच्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१ च्या वंशावळीत आयआर-८ या वाणाच्या जोडीला भुरा राताच आहे.

राता खार सोसतो हे शेतकऱ्याला ठाऊक होते. कसा सोसतो, याचे उत्तर जनुकांत शोधावे लागते, आणि तिथे एक वेगळीच अडचण उभी राहते.

बंगालच्या नोना बोक्रा या खार सोसणाऱ्या भातावरचे संशोधन २००५ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आले. मुळांनी शोषलेले सोडियम जलवाहिन्यांतून पानांकडे निघते. नोना बोक्रातले एक जनुक असे प्रथिन बनवते, जे ते सोडियम वाटेतच काढून घेते, आणि पाने वाचतात. या जनुकाला शोधकर्त्यांनी एसकेसी१ म्हटले. त्याचेच आधीचे नाव ओएसएचकेटी८ होते आणि पुढे ओएसएचकेटी१;५ झाले. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपातही हाच घोळ आहे: एसओएस१ आणि एनएचएक्स७ एकच. एसओएस१ हे नाव तर जनुक बिघडल्यावर रोप मिठाला किती हळवे होते यावरून पडले. जनुक निरोगी असताना काय करते, ते नावातून कळतच नाही. मग भातातल्या माहितीचा गव्हाला किंवा आपल्या खाडीकाठच्या तिवराला उपयोग व्हायचा कसा?

यावर १९९८ साली फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांचे माहितीकोश सांभाळणारे एकत्र आले आणि त्यांनी ‘जीन ऑन्टॉलॉजी’ सुरू केली. मायकेल ॲशबर्नर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ती जगापुढे मांडली. जनुकाला नाव काहीही द्या, पण त्याचे काम ठरलेल्या शब्दांतच लिहा, हा तिचा करार. तिच्यात तीन वेगळे भाग आहेत: प्रथिन रेणूच्या पातळीवर काय करते, कोणत्या मोठ्या प्रक्रियेत भाग घेते आणि पेशीत कुठे असते. सातबाऱ्यावर मालक आणि पीक वेगवेगळ्या जागी लिहितात, तसेच हे. एसकेसी१पुढे पहिल्या भागात सोडियम आयनांची ने-आण, तिसऱ्यात पेशीचे बाह्यपटल.

प्रत्येक संज्ञेला क्रमांक असतो. ‘क्षारताणाला प्रतिसाद’ म्हणजे जीओ:०००९६५१. तिच्या वर अधिक व्यापक संज्ञा, त्यांच्यावर आणखी व्यापक. एका संज्ञेला अनेक पालक चालतात, आणि खालच्या संज्ञेला लागू झालेले जनुक वरच्या सगळ्यांना आपोआप लागू होते. त्यामुळे एका प्रयोगशाळेने बारीक तपशील लिहिला आणि दुसरीने मोघम, तरी तुलना अडत नाही.

तुलनेची ताकद हिशेबात दिसते. समजा, भाताची ३०,००० जनुके नोंदलेली आहेत आणि त्यांतली ३००, म्हणजे शंभरात एक, आयन-वाहतुकीची. खाऱ्या पाण्यात वाढवलेल्या रोपात २०० जनुकांचे काम वाढले, तर योगायोगाने त्यांत आयन-वाहतुकीची २ सापडावीत. २० सापडली तर रोप मीठ हलवण्याच्या कामाला लागले आहे, हे एकेक नाव न वाचताही कळते.

गव्हात एसकेसी१च्याच कुळातल्या जनुकाची कमाल शेतात दिसली. रानटी नातलगाकडून आलेले टीएमएचकेटी१;५-ए असलेल्या ड्युरम गव्हाचे उत्पन्न ऑस्ट्रेलियातल्या खाऱ्या जमिनीत २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

तिवराचा मार्ग आणखी निराळा. तो जास्तीचे मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हात पानावर त्याचे कण चमकतात. भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसच्या संशोधकांचा सहभाग असलेला त्याचा गुणसूत्रनिहाय जनुकीय आराखडा २०२१ साली प्रसिद्ध झाला. अशा वनस्पतीत जनुकांची कामे बहुतांशी इतर वनस्पतींशी साम्य पाहून ठरवली जातात.

इथेच जीन ऑन्टॉलॉजीची मला सर्वांत मोलाची वाटणारी शिस्त उपयोगी पडते. प्रत्येक नोंदीबरोबर पुराव्याचा संकेत लिहावाच लागतो. प्रत्यक्ष प्रयोगाला आयडीए, जनुक बिघडवून पाहिले तर आयएमपी, माणसाने न तपासता संगणकाने लावलेल्या अनुमानाला आयईए. वाचणाऱ्याने हा संकेत पाहिला नाही, तर अंदाजालाच शोध समजण्याची चूक होते. शिवाय ज्या जनुकांवर जास्त काम झाले, त्यांच्याच नोंदी दाट असतात. तिवराच्या मीठग्रंथीतच काही अगदी नवे घडत असेल, तर उसन्या नोंदींतून ते निसटण्याचा धोका आहे.

रोप किती खार सोसते, ओंबीत दाणे किती भरतात, हे गुण जनुकाच्या कामात मोडत नाहीत. त्यांच्यासाठी ‘ट्रेट ऑन्टॉलॉजी’ आणि पिकांसाठीची ‘क्रॉप ऑन्टॉलॉजी’ असे स्वतंत्र संज्ञासंग्रह आहेत. माझ्या मते खारेपाटाचा खरा वाटा तिथे आहे. खांड पडल्यानंतर कोणता राता कितव्या दिवशी सावरला, पाणी किती खारे होते, लावणीनंतर किती दिवसांनी ते शिरले, या गोष्टी ठरलेल्या संज्ञांत आणि मोजमापासह नोंदल्या, तर उरणचा राता, गोव्याच्या खाजणातला कोरगुट आणि केरळचा पोक्काळी एकाच तक्त्यात बसतील. बंदर, गोदामे आणि रस्त्यांखाली उरणची भातखाचरे भराभर जात आहेत. प्रयोगशाळेत राता पुढेही वाढवता येईल. उधाणाचे पाणी प्यायलेल्या त्याच्या स्वतःच्या मातीत त्याचे वागणे नोंदायचे असेल, तर त्या नोंदी खाचरे शिल्लक असतानाच घ्याव्या लागतील.