प्रेमगीत घडतं कसं

रायपुरात मे महिन्यात प्रेमगीत रेकॉर्ड करायचं, तर पहिलं काम कूलर बंद करणं. त्याची घरघर आपल्या कानाला सवयीची झालेली असते, मायक्रोफोनला नाही. म्हणून पहाटेची वेळ धरावी, भिंतींवर जाड गोधड्या टांगाव्यात आणि माइकपासून वीतभर अंतरावर उभं राहावं. फार जवळ गेलं की आवाजाचा खर्ज फुगतो, दूर गेलं की खोली ऐकू येऊ लागते. हलक्या प्रेमगीताला जवळीक हवी, आणि ती या वीतभर अंतरात ठरते.

त्याआधी लय आणि पट्टी पक्की झालेली असते. मिनिटाला 72 ठोके म्हणजे साधारण निवांत माणसाच्या हृदयाची गती; बरीचशी संथ प्रेमगीतं याच्याच आसपास चालतात. पट्टी मुखड्यावरून ठरवू नये, अंतऱ्यातल्या सगळ्यात वरच्या सुरावरून ठरवावी. तिथे गळा किंचित ताणला जायला हवा, फाटायला नको. काळी एक सोपी जात असेल, तर पांढरी दोनमध्ये एकदा गाऊन पाहावं. अर्ध्या सुराच्या फरकाने गाण्यात आर्जव येतं.

एकाच दमात अख्खं गाणं उत्तम झालं, असं क्वचितच घडतं. आठ-दहा टेक घ्यायचे आणि त्यांतल्या चांगल्या ओळी, कधी एखादा शब्दही, निवडून जोडायच्या. याला कॉम्पिंग म्हणतात. जोड लपवायला श्वासाची जागा सोयीची असते.

मग येतं सूर दुरुस्त करणं, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. ऑटो-ट्यून 1997 साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींचा अभ्यास करत. हे साधन प्रत्येक सुराला जवळच्या ठरलेल्या स्वरावर बसवतं. आपल्या गाण्यात मात्र जीव दोन स्वरांच्या मधल्या मींडेत असतो. सॉफ्टवेअरला ती चूक वाटते आणि ते तिच्या पायऱ्या करून टाकतं. म्हणून थांबलेले, लांबवलेले सूरच हाताने सरळ करावेत आणि मींड आहे तशी सोडावी. छत्तीसगढी ददरियात स्त्री-पुरुष एकमेकांना सवाल-जवाब करत गातात. त्यातला घसरता, हाक मारणारा सूर इस्त्री केला, तर प्रेमच उरणार नाही.

वाद्यांचंही असंच. संगीतकार अजय-अतुल यांनी ‘सैराट’ चित्रपटासाठी (2016) कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला. वीस व्हायोलिनवादकांचे गज कधीच तंतोतंत एका क्षणी पडत नाहीत, सूरही केसभर इकडेतिकडे असतात. त्या फरकातून भरीवपणा येतो. एकाच व्हायोलिनची नक्कल वीसदा केली, तर आवाज मोठा होतो, भरत नाही. घरी वाजवणाऱ्याने निदान तीन-चार वेळा वेगवेगळं वाजवून थर चढवावेत.

मिक्सिंगमध्ये कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि मग सगळं वर उचलतो, त्यामुळे मुखड्यातली कुजबुज रिक्षातही ऐकू येते. त्याच्याबरोबर श्वासही वर येतात. ते कापू नका, थोडे खाली घ्या. श्वास नसलेला आवाज यंत्राचा वाटतो. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर तेवढ्यापुरता डी-एसर, म्हणजे ती धार दाबणारं साधन. रिव्हर्ब, म्हणजे दालनातला घुमारा, मूळ आवाजानंतर सुमारे 30 मिलिसेकंदांनी सुरू करावा: गाणारा जवळ राहतो, दालन त्याच्या मागे जातं. एको लयीत हवा. 72च्या लयीत एक ठोका 833 मिलिसेकंदांचा.

शेवटी आवाज इतका कमी करा की कूलर सुरू केल्यावर गाणं जेमतेम ऐकू येईल. तरीही शब्द कळत असतील, तर मिक्स झालं. कळत नसतील तर फाइल कुणाला पाठवू नका. आधी वाद्यं खाली घ्या.