दुभाष्याचे कार्य : आज्ञावली आणि डेटाबेस यांचा संवाद

मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेसाठी संगणकातील ‘ड्रायव्हर’ हा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाच्या मुळाशी भाषांतर आहे. शाळांचे दाखले, ग्रंथालयांच्या सूची, माजी विद्यार्थ्यांची नोंदपुस्तके आज संगणकात जात आहेत. ती मराठीत अखंड राहतात की नाही, हे बऱ्याच अंशी या भाषांतरावर ठरते. म्हणून मला हा विषय माझा वाटतो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. ग्रंथपाल पडद्यावर जी वापरतात ती आज्ञावली, आणि नोंदी प्रत्यक्ष जेथे साठवलेल्या असतात तो डेटाबेस. माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी पुढे ‘एसक्यूएल’ ही भाषा घडली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिला प्रमाणरूप मिळाले. मात्र प्रमाणभाषा ठरली म्हणून बोली नाहीशा होत नाहीत, हे आपण मराठी भाषक जाणतोच. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांच्या बोलींत भेद राहिले. संदेशांची देवघेव करण्याची रीत तर प्रत्येकाची निराळी. एकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यापुढे मुकी होई.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात राज्याच्या दुभाष्याचे पद होते; त्याला ‘लिंग्वा’ म्हणत. शेजारच्या दरबारांची मराठी पत्रे तो पोर्तुगीज भाषेत आणी. ड्रायव्हर हा संगणकातला असाच दुभाषी होय. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘ओडीबीसी’ ही पद्धती आणली आणि १९९७ मध्ये जावा भाषेसाठी ‘जेडीबीसी’ आली. या पद्धतींत आज्ञावली ठरावीक, सर्वांना समान अशा सूचना देते, आणि ज्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर त्या सूचना त्याच्या रीतीने पोहोचवतो. डेटाबेस बदलला, तर ड्रायव्हर बदलून आणि आज्ञावलीत थोडीफार दुरुस्ती करून काम पुढे चालते.

जोडणीची रीत साधी आहे. आज्ञावली ड्रायव्हरला पाच गोष्टी सांगते : डेटाबेस ज्या संगणकावर आहे त्याचा पत्ता, तेथील पोर्टचा क्रमांक (पोस्टग्रेससाठी सहसा ५४३२, मायएसक्यूएलसाठी ३३०६), डेटाबेसचे नाव, वापरणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द. ओळख पटली की जोडणी उघडते, प्रश्न जातो, उत्तराच्या ओळी परत येतात आणि काम संपल्यावर जोडणी मिटवली जाते.

दुभाष्याची खरी कसोटी पुढे आहे. गोव्यातील ‘डिसूझा’ हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर एक अवतरणचिन्ह येते. एसक्यूएलमध्ये हेच चिन्ह मजकुराचा शेवट दर्शवते. आज्ञावलीने प्रश्नाच्या वाक्यात ते नाव जसेच्या तसे चिकटवले, तर वाक्य मध्येच तुटते. याच फटीतून दुष्ट हेतूची माणसे स्वतःच्या आज्ञा आत सरकवतात. यावर उपाय असा की, वाक्यात नावाची जागा रिकामी ठेवावी आणि नाव ड्रायव्हरकडे वेगळे सोपवावे. मग नाव हे नावच राहते. त्याची आज्ञा होत नाही.

दुसरी कसोटी लिपीची. एका ग्रंथालयाची सूची माझ्या पाहण्यात आली. तीत इंग्रजी नोंदी सुखरूप होत्या, मराठी शीर्षकांच्या जागी मात्र प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. असे का होते? युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘की’ या अक्षरात क आणि दीर्घ वेलांटी मिळून सहा. जोडणी केवळ रोमन अक्षरे जाणणाऱ्या पद्धतीवर ठेवली असेल, तर देवनागरी चिन्हाला तेथे प्रतिरूपच नसते, आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले जाते. ते तसेच साठवले गेले की मूळ अक्षर गेले. कोणताही तज्ज्ञ ते त्या नोंदीतून परत आणू शकत नाही. याउलट पडद्यावर विचित्र रोमन चिन्हांची खिचडी दिसली, तर निराश होऊ नये. तेथे मूळ बाइट बहुधा शाबूत असतात, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जातात. जाणकार ते सोडवू शकतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण संगणकक्षेत्रात आहेत. त्यांना माझी विनंती आहे. शाळेच्या नोंदी संगणकावर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : डेटाबेस, तक्ते आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ आहे ना; नावे ड्रायव्हरकडे वेगळी सोपवली जातात ना; आणि प्रचलित ड्रायव्हर वापरून दुसऱ्या आज्ञावलीला त्या नोंदी वाचता येतात ना. कामास आरंभ करण्यापूर्वी ‘ज्ञानेश्वरी’, ‘कृष्णा’, ‘वाङ्मय’ असे दहा शब्द साठवून परत मागवावेत आणि अक्षरशः ताडून पाहावेत. जुन्या हस्तलिखित वह्या मात्र त्यानंतरही जपून ठेवाव्यात. संगणकातील अक्षर हरवले, तर ते पुन्हा भरून काढण्यास तोच आधार उरतो.