मोगली एरंडापासून तळणीच्या तेलापर्यंत

31 डिसेंबर 2002 रोजी दिल्ली–अमृतसर शताब्दी एक्सप्रेस धावली, ती टाकीत 5 टक्के बायोडिझेल घेऊन. चाचणी यशस्वी ठरली आणि देशभर एका नव्या आशेचं वारं वाहू लागलं. त्याला आता दोन दशकं उलटून गेली. या काळात बायोडिझेलवर भाषणं झाली, धोरणं आली, झाडं लागली, कारखाने उभे राहिले. पण गाडीवाल्याच्या मनातला पहिला प्रश्न तसाच राहिला: "हे घातलं तर माझ्या इंजिनाचं काय होईल?" हा प्रश्न कधीच अडाणीपणाचा नव्हता. त्याचं नीट उत्तर मिळालं असतं, तर ही वीस वर्षं वेगळी गेली असती.

वनस्पती तेल आणि डिझेल इंजिन यांचं नातं जुनं आहे. 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्याकडे 1999च्या सुमारास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळी गावात करंजाच्या तेलावर जनरेटर चालवून पाण्याचे पंप सुरू केले. पण कच्चं तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, अर्धवट जळलेलं तेल काजळी होऊन बसतं. म्हणून त्यावर मेथॅनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढतात. उरतं ते पातळ बायोडिझेल. ग्लिसरीन पूर्ण निघालं का आणि पाणी राहिलं का, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडावर, म्हणजे जट्रोफावर, भिस्त ठेवली. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रण करायचं आणि त्यासाठी 1 कोटी हेक्टरहून अधिक जमिनीवर लागवड करायची, असं ते गणित होतं. महाराष्ट्रातही कुंपणावरचा हा एरंड अचानक बांधावरून रानात आला. हे झाड पाण्याविना जगतं हे खरं, पण पाण्याविना भरघोस बिया देत नाही. जानेवारी 2006 पासून तेल कंपन्यांनी बायोडिझेलला लिटरमागे 25 रुपये भाव देऊ केला. त्या भावात उत्पादन परवडत नव्हतं. खरेदी केंद्रं जवळपास रिकामीच राहिली आणि अनेक शेतकऱ्यांनी रोपं उपटून टाकली.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने मोठा धडा दिला. सप्टेंबर 2005 मध्ये तिथे डिझेलमध्ये 2 टक्के बायोडिझेल सक्तीचं झालं. डिसेंबरच्या थंडीत ट्रकचे फिल्टर चोक होऊ लागले. तपासात काही माल मानकाला उतरत नसल्याचं दिसलं, त्यात ग्लिसरीन जास्त होतं. सक्ती तात्पुरती थांबवली, माल सुधारला, मग ती पुन्हा लागू केली. आज तिथे उन्हाळ्यात 20 आणि थंडीत 5 टक्के मिश्रण चालतं. त्यांनी तक्रार ऐकली, म्हणून इंधन टिकलं.

आपल्याकडेही 2005 मध्ये शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस 15607 हे मानक आलं. 2009च्या धोरणात 2017 पर्यंत 20 टक्क्यांचं लक्ष्य होतं. 10 ऑगस्ट 2015 रोजी दिल्ली, विशाखापट्टणम, हल्दिया आणि विजयवाड्यातल्या निवडक पंपांवर 5 टक्के मिश्रण विकायला सुरुवात झाली. 2018च्या धोरणाने मात्र लक्ष्य 2030 पर्यंत 5 टक्के इतकं खाली आणलं. प्रत्यक्ष मिश्रण 1 टक्क्याच्याही खाली रेंगाळलं. कच्च्या मालासाठी आयात पामतेलाचा घट्ट भाग, म्हणजे स्टिअरिन, वापरावा लागला. परदेशी तेलावरचं अवलंबित्व कमी करण्यासाठी पुन्हा परदेशी तेल, हे दुखणं 2019 पासून वापरलेलं खाद्यतेल गोळा करण्याच्या योजनेने थोडं कमी व्हावं, अशी अपेक्षा होती.

याच काळात सगळ्यात मोठं नुकसान झालं. 2020-21 मध्ये डिझेल महागलं आणि महामार्गांवर ‘बायोडिझेल’च्या पाट्या लागल्या. गुजरातेत धाडी पडल्या, तेव्हा बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेल विकलं जात असल्याचं उघड झालं. महाराष्ट्रालाही 2021 मध्ये उत्पादन, साठवण आणि विक्रीचं धोरण आखावं लागलं. त्या पावसाळ्यात सोलापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात मी उभा होतो. मिस्त्रींनी एका ट्रकचा फिल्टर खोलला. कागदाच्या घड्यांमध्ये गुळाच्या काकवीसारखा तपकिरी गाळ बसला होता. पंपाचं ऑइल सील फुगून बोटाने दाबलं की चुरत होतं. ट्रकमालक हताशपणे म्हणाले, "लिटरमागे वाचवले तेवढे सगळे नोझलमध्ये गेले."

त्या फिल्टरने मला खरी आणि खोटी भीती वेगळी करायला शिकवलं. चांगलं बायोडिझेलसुद्धा जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागतो. जुन्या गाड्यांतलं साधं रबर त्याला टिकत नाही. तांबं-पितळेच्या संगतीत ते लवकर खराब होतं. ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जनरेटरच्या टाकीत जंतूंचा थर वाढतो. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी काही इंजिनांत उशिरा इंधन मारलं जातं. बायोडिझेल सहज उडून जात नाही, ते खाली झिरपून इंजिन ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ते शुभचिन्ह नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. गंधक काढून टाकलेल्या आजच्या डिझेलमध्ये वंगणाचा गुण कमी होतो, आणि थोडंसं चांगलं बायोडिझेल तो भरून काढतं.

या साऱ्या काळाचा निष्कर्ष मला असा दिसतो: कमी प्रमाणातल्या, मानकाला उतरलेल्या बायोडिझेलने इंजिनांचा घात केला नाही. घात केला तो तपासणीविना विकलेल्या मालाने. आणि त्याची किंमत प्रामाणिक उत्पादकांनी व ट्रकवाल्यांनी मोजली. 2030 जवळ येत आहे. सरकारने आकड्यांच्या आधी पंपापंपावरची तपासणी वाढवावी. आणि वाचकहो, तुमच्यापैकी जे गाडी, ट्रॅक्टर किंवा जनरेटर चालवतात, त्यांनी गाडीच्या पुस्तिकेत किती टक्के मिश्रण चालतं ते आधी वाचावं, आयएस 15607चा चाचणी अहवाल मागावा, आणि तो दाखवायला जो नाही म्हणेल त्याच्याकडून एक लिटरही घेऊ नये.