कुत्र्याचे दात बघा, पण जपून

तपासून झाल्यावर उठता उठता पेशंट विचारतो, "डॉक्टरसाहेब, आमच्या कुत्र्याच्या तोंडाला फार वास येतो, काही लिहून द्या ना." मी माणसांचा डॉक्टर. जनावरांचे वैद्यक हे निराळे शास्त्र, ते शिकवणारे महाविद्यालय मुंबईत १८८६ पासून आहे. तरीही चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात. सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत ते पडून कायमचे ४२ येतात. पोमेरियनसारख्या लहान जातीत दुधाचा दात कधी पडतच नाही, मग दोन दातांच्या फटीत अन्न अडकते. आपल्यासारखी दातांची कीड कुत्र्यात कमी. त्याचे खरे दुखणे हिरड्यांचे. दातांवरचा चिकट थर काही दिवसांतच दगडासारखा कडक होतो, हिरडी सुजते, पू होतो, दात हलू लागतो.

ओठ बाजूने उचलून वरच्या मोठ्या दाढेकडे पाहा. पिवळी-तपकिरी खपली, हिरडीवर लाल रेघ, सडका वास. किंवा एकाच बाजूने चावणे, भाकरी तोंडातून पडणे, पंजाने तोंड खाजवणे. डोळ्याखाली सूज आली की लोक डोळ्यात थेंब टाकतात. पुष्कळदा ती सूज त्या दाढेच्या मुळाशी झालेल्या पुवाची असते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन देऊ नका. कुत्र्याला ती विषारी ठरू शकतात.

पिल्लू असल्यापासून रोज ओल्या मऊ फडक्याने किंवा लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात पुसण्याची सवय लावा. आपली टूथपेस्ट नको, आणि मशेरी तर मुळीच नको. शिजवलेली हाडे फुटून टोचतात, तीही नकोत.

आता माझ्या धंद्यातले. कुत्र्याची लाळ एकाएकी गळू लागली, जबडा लोंबतो, आवाज बदलला, गिळता येत नाही, तर "हाड अडकले असेल" म्हणून तोंडात हात घालू नका. हा रेबीज असू शकतो, आणि माणसात त्याची लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. कुत्र्याला वेगळे ठेवून पशुवैद्यांना कळवा. दात लागला, ओरखडा आला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन लस सुरू करा, आणि सांगितलेल्या तारखांचे सगळे डोस घ्या.