निष्प्रभ औषधे आणि थकलेली फुफ्फुसे

थंडीचे दिवस आले की जुनाट श्वासविकाराच्या रुग्णांचा कसोटीचा काळ सुरू होतो. एरवी जिना चढताना लागणारी धाप बसल्या जागी लागते, खोकल्याने रात्र सरत नाही, पांढरा कफ पिवळा-हिरवा होतो. मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून गेल्या वर्षीच्याच गोळ्या आणल्या जातात आणि दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या कपाटात जातात. पुढल्या खेपेस त्यांचा गुण येत नाही, तेव्हा दोष औषधाला दिला जातो. वस्तुतः मधल्या काळात बदललेले असतात ते जंतू.

हा प्रश्न मूठभर रुग्णांचा नव्हे. श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या ‘सीओपीडी’ या विकाराचे भारतात २०१६ मध्ये सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. विडी-सिगारेट हे त्याचे परिचित कारण. पण धूम्रपान न करणाऱ्यांनाही चुलीच्या धुराने तो जडतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ठळकपणे मांडले. अशा रुग्णाचा प्रत्येक तीव्र झटका फुफ्फुसांची थोडी शक्ती हिरावून नेऊ शकतो आणि ती पूर्णपणे परत मिळतेच असे नाही. म्हणूनच त्या वेळी औषध लागू पडणे हा प्राणाशी गाठ असलेला प्रश्न ठरतो.

जंतूंच्या बचावाच्या तऱ्हा अनेक आहेत. हिमोफिलसचे अनेक वाण आणि मोराक्सेलाचे बहुतेक सारे वाण एक विशिष्ट विकर निर्माण करून पेनिसिलिन गटातील औषधे मोडून टाकतात. त्यावर तोड म्हणून अमॉक्सिसिलिनच्या जोडीला ते विकर निकामी करणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल देण्याची युक्ती निघाली व १९८१ मध्ये हे संयुक्त औषध ब्रिटनच्या बाजारात आले. स्युडोमोनास मात्र याहून चिवट. फुफ्फुसे फार खराब झाली आणि प्रतिजैविकांचा मारा वारंवार झाला की तो तेथे ठाण मांडतो, चिकट थराच्या आश्रयाने वसाहत करतो आणि आत शिरलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे पेशीबाहेर फेकतो.

नवे औषध, त्यावर जंतूंची मात, पुन्हा नवे औषध, ही शर्यत माणूस कुठवर धावणार? पण जंतूलाही बचावाची किंमत मोजावी लागते. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काही तरी आहे, हे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये नोंदविले होते. जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव फेलिक्स द’एरेल यांनी १९१७ मध्ये दिले. येल विद्यापीठातील बेंजामिन चॅन, पॉल टर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांना कनेक्टिकटमधील एका तळ्यात असा एक विषाणू सापडला, की जो स्युडोमोनासच्या त्या पंपालाच चिकटून आत शिरतो. विषाणूपासून वाचण्यासाठी जंतूने पंप बदलला तर पंप दुबळा होतो आणि जुनी औषधे पुन्हा लागू पडू लागतात. पंप तसाच ठेवला तर विषाणू त्याला मारतो. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराच्या नऊ रुग्णांना निवडक विषाणू श्वासावाटे दिल्याचा आशादायक अनुभव याच गटाने २०२५ मध्ये मांडला.

नऊ रुग्णांच्या अनुभवावरून विजयाचे नगारे वाजविणे अर्थातच घाईचे होईल. प्रत्येक रुग्णाच्या जंतूला मानवणारा विषाणू शोधावा लागतो, शिवाय विषाणूलाही जंतू सरावू शकतात. सीओपीडीच्या सामान्य रुग्णाच्या हाती हा उपाय येण्यापूर्वी मोठ्या चाचण्या व्हावयास हव्यात.

तोवर हाती असलेली औषधे राखणे एवढे तरी करता येण्याजोगे आहे. प्रत्येक झटका जीवाणूंमुळे येत नाही. अनेक झटक्यांमागे विषाणू किंवा दूषित हवा असते आणि तेथे प्रतिजैविक व्यर्थ होय. धाप वाढणे, कफ वाढणे आणि कफ पूमय होणे ही तिन्ही लक्षणे असतील तेव्हा प्रतिजैविकाचा लाभ अधिक दिसतो, हे कॅनडातील अँथोनिसेन यांनी १९८७ मध्येच दाखवून दिले. बहुधा पाच दिवसांचा उपचार पुरतो, असे आजचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगते. मात्र औषध कोणते व किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे; दुकानदाराने वा शेजाऱ्याने नव्हे. वारंवार झटके येणाऱ्यांच्या कफाची तपासणी, इन्फ्लुएंझा व न्यूमोकॉकसच्या लशी आणि धूरमुक्त स्वयंपाकघर यांनीही औषधांवरचा भार हलका होतो.

कायदाही अस्तित्वात आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार त्यातील प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकावयाची नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावयाची, असा दंडक आहे. तो नोंदवहीपुरता उरता कामा नये. अपुऱ्या मात्रेने जंतूंना प्रतिकार शिकविण्याचा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. प्रयोगशाळेने कष्टाने मिळविलेले नवे शस्त्रही त्याच बेपर्वाईने वापरले गेले, तर तेही बोथट होईल आणि त्याचा भुर्दंड धापा टाकणाऱ्या रुग्णालाच सोसावा लागेल.